दुखतंय किती आणि अडतंय काय: जुनाट दुखणं तपासण्याची दीडशे वर्षं

कंबरदुखी, मानदुखी किंवा गुडघेदुखी घेऊन तुम्ही तपासायला येता तेव्हा डॉक्टर काही गोष्टी विचारतात आणि काही गोष्टी न विचारता नुसत्या बघतात. बाकावरून उठताना तुम्ही हात टेकला का? चपला वाकून काढल्या की पायानंच सरकवल्या? बोलता बोलता हात पुन्हा पुन्हा कमरेवर जातो का? काही रुग्णांच्या हे लक्षात येतं आणि त्यांना ते मुळीच आवडत नाही. "डॉक्टर, मी नाटक करत नाहीये हो," असं एखादी बाई बोलूनही टाकते.

तिला असं वाटण्यामागे कारण आहे. दुखणाऱ्या माणसाची हालचाल आणि वागणं निरखण्याला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्यात दोन हेतू सुरुवातीपासून एकमेकांत गुंतलेले आहेत. एक हेतू म्हणजे या माणसाचं नेमकं काय अडलंय हे समजून घेऊन त्याला मदत करणं. दुसरा म्हणजे हा माणूस खरं बोलतोय का हे पकडणं. बऱ्याचदा चाचणी तीच असते, फक्त ती करणाऱ्याचा हेतू बदलतो. म्हणून आज औषधांबद्दल न लिहिता हा इतिहासच सांगणार आहे. तो माहीत असला की तपासणीच्या खोलीत तुमच्याकडे कोण कशासाठी बघतंय हे तुम्हाला ओळखता येईल. लेखात 'जुनाट दुखणं' म्हणजे स्नायू, सांधे, मणके यांचं तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं दुखणं, एवढं लक्षात ठेवा.

रेल्वेनं दिलेली पाठदुखी

गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये, १८६०च्या दशकात. रेल्वेचं जाळं पसरलं होतं आणि अपघातही वरचेवर होत. अपघातातून वाचलेले बरेच प्रवासी काही दिवसांनी तक्रारी सांगू लागत: पाठ दुखते, अंगात त्राण नाही, झोप लागत नाही, काम होत नाही. बाहेरून जखम नाही, हाड मोडलेलं नाही. एक्स-रेचा शोध लागायला अजून तीसेक वर्षं होती. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६मध्ये या विषयावर आपली व्याख्यानं प्रसिद्ध केली. गाडीच्या धक्क्यानं मज्जारज्जूलाच इजा होते, असं त्यांचं म्हणणं होतं. 'रेल्वे स्पाइन' हे नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि प्रवाशांचे वकील ते कोर्टात वापरू लागले.

१८८३मध्ये हर्बर्ट पेज यांनी याला पुस्तकातून उत्तर दिलं. बहुतेक रुग्णांत मज्जारज्जूला काहीही झालेलं नसतं. त्रास होतो तो भीतीमुळे, मनावर बसलेल्या धक्क्यामुळे, आणि भरपाईच्या आशेनं तो लांबतो, असा त्यांचा दावा. हे पेजसाहेब लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वे कंपनीचे सर्जन होते, हेही सांगायला हवं. भीतीचा वाटा त्यांनी ओळखला हे खरं, पण भरपाई ज्या कंपनीला द्यावी लागणार होती तिचे ते डॉक्टर होते.

तेव्हापासून एक प्रश्न वैद्यकशास्त्राच्या मानगुटीवर बसला आहे. जखम दिसत नसेल तर दुखणं खरं कसं मानायचं?

सेंटिमीटर आणि अंश

त्यावर सोपा वाटणारा मार्ग होता मोजमापाचा. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे सांधे किती वळतात हे कोनमापकानं मोजण्याची पद्धत रुळली. १९३७मध्ये जर्मन डॉक्टर पॉल शोबर यांनी कमरेसाठी एक साधी युक्ती सुचवली. रुग्ण ताठ उभा असताना कमरेच्या तळाशी एक खूण आणि तिच्या वर १० सेंटिमीटरवर दुसरी खूण करायची, मग वाकायला सांगायचं. निरोगी कमरेत हे अंतर साधारण ५ सेंटिमीटरनं वाढतं. मणके जखडणाऱ्या संधिवातात ते फारसं वाढत नाही. ही चाचणी आम्ही आजही करतो. टेप आणि पेन एवढंच लागतं.

पण जुनाट कंबरदुखीच्या बहुसंख्य रुग्णांत हे आकडे फारसं बोलत नाहीत. कमी वाकू शकणारा माणूस रोज कामाला जातो, आणि जमिनीला हात टेकवणारा माणूस सहा महिने घरी बसलेला असतो. पुढे एमआरआय आलं तेव्हाही हेच दिसलं. १९९४मध्ये अमेरिकेत कंबरदुखी अजिबात नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय काढले गेले. त्यातल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५२ टक्के लोकांत एखादी तरी चकती फुगलेली होती. सगळ्या चकत्या व्यवस्थित असलेले फक्त ३६ टक्के होते. तुमच्या रिपोर्टवर 'डिस्क बल्ज' लिहून आलं असेल तर हे आकडे आठवा. फोटोत दिसतं ते दुखण्याचं कारण असेलच असं नाही, आणि फोटो स्वच्छ आला म्हणजे दुखणं खोटं असंही नाही.

जखम आणि दुखणं यांचं गणित सरळ नसतं, हे त्याच्या पन्नास वर्षं आधी एका युद्धभूमीवर दिसलं होतं. १९४४मध्ये इटलीतल्या अँझिओच्या किनाऱ्यावर हेन्री बीचर हे अमेरिकन भूलतज्ज्ञ जखमी सैनिकांना विचारत होते, "दुखतंय का? औषध हवंय का?" गंभीर जखमा झालेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांना वेदनाशामक नको होतं. ते शुद्धीवर होते, बोलत होते. त्यांच्या लेखी त्या जखमेचा अर्थ होता की आपण जिवंत आहोत आणि आता घरी जाणार. पुढे बीचर यांनी नागरी रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्यांशी तुलना केली, तर तिथे बहुतेकांना औषध हवं होतं. जखम किती मोठी आहे यापेक्षा तिचा त्या माणसाच्या आयुष्यात काय अर्थ आहे, यावर दुखणं बरंचसं ठरत होतं.

सिअॅटलचा मल्ल आणि त्याचा मानसशास्त्रज्ञ मित्र

आता या इतिहासातलं मला सर्वात महत्त्वाचं वाटणारं ठिकाण. जॉन बोनिका हे इटलीत जन्मलेले, अमेरिकेत वाढलेले भूलतज्ज्ञ. वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी ते व्यावसायिक कुस्त्या खेळायचे, कधी चेहऱ्यावर मुखवटा चढवून. आखाड्यातल्या दुखापतींनी त्यांना आयुष्यभराची सांधेदुखी दिली. वेदनेवरचा जाडजूड ग्रंथ त्यांनी १९५३मध्ये लिहिला तो दुखणं स्वतः ओळखणाऱ्या माणसानं लिहिलेला ग्रंथ होता. दुखण्याच्या रुग्णाला एकाच वेळी अनेक शाखांच्या लोकांनी मिळून बघावं ही कल्पना त्यांनी सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रुजवली. तिथेच त्यांना विल्बर्ट फोर्डाइस हे मानसशास्त्रज्ञ भेटले.

फोर्डाइस यांनी प्रश्नच बदलला. त्यांचं म्हणणं असं: दुसऱ्याचं दुखणं आपल्याला कधीच दिसत नाही, दिसतं ते त्याचं वागणं. कण्हणं, लंगडणं, आडवं होणं, गोळी मागणं, कामाला नाही म्हणणं. यांना त्यांनी एकत्रित नाव दिलं. मराठीत आपण त्याला 'वेदना-वर्तन' म्हणू. वागण्याचा एक नियम असा की ज्यानंतर काही बरं घडतं ते वागणं टिकतं. दुखलं की विश्रांती मिळते, गोळी मिळते, कुणीतरी विचारपूस करतं. दुखापत ताजी असते तेव्हा हे योग्यच असतं. पण महिने उलटले, मूळ इजा भरून आली, तरी वागण्याची ही घडी तशीच राहू शकते. माणूस मुद्दाम करतो म्हणून ती राहत नाही, ती नकळत बसलेली असते.

१९६८मध्ये फोर्डाइस आणि सहकाऱ्यांनी एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. वय ३७, कंबरदुखी १८ वर्षांची, शस्त्रक्रिया ४. घरकाम करताना आडवं न होता सलग २० मिनिटंही तिला काढता येत नव्हती. तिला रुग्णालयात ठेवून घेतलं आणि तीन गोष्टी बदलल्या. गोळ्या 'दुखल्यावर' न देता घड्याळाप्रमाणे द्यायच्या, म्हणजे गोळीसाठी दुखण्याची गरज उरत नाही. आणि मात्रा हळूहळू उतरवत न्यायची. व्यायाम 'दुखेपर्यंत' न करता ठरलेल्या संख्येपर्यंत करायचा. ती संख्या सुरुवातीला सहज जमेल इतकी कमी, मग चढती. आणि कर्मचाऱ्यांनी तिच्याशी गप्पा मारायच्या, कौतुक करायचं ते ती काही करत असताना. कण्हत असताना नव्हे. काही आठवड्यांत तिचा चालण्या-फिरण्याचा वेळ वाढत गेला.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी आजच्या उपचारात जवळजवळ जशाच्या तशा आहेत. फिजिओथेरपिस्ट तुम्हाला "आज दहाच वेळा करा, बरं वाटलं तरी अकरावा नको" म्हणतात, त्याचं मूळ इथे आहे. तिसऱ्या गोष्टीबद्दल मात्र मी सावध आहे. 'कण्हण्याकडे दुर्लक्ष करा' एवढंच घरच्यांच्या हाती लागलं तर त्याचं काय होतं, हे आपल्याकडच्या घरांत वेगळं सांगायला नको. ज्या बाईच्या दुखण्याकडे वीस वर्षं कुणी लक्षच दिलं नाही, तिला आणखी दुर्लक्षाची गरज नसते. तिची अडचण उलट असते. ती दात-ओठ खाऊन सगळं काम उरकते आणि मग दोन दिवस उठू शकत नाही. हा दुसरा प्रकारही पुढच्या अभ्यासकांनी नोंदला: काही जण दुखणं टाळत टाळत हालचाल कमी करतात, तर काही जण ते अंगावर काढत थांबायचं तेव्हा थांबत नाहीत. पहिल्याला दिलेला सल्ला दुसऱ्याला दिला तर नुकसान होतं.

आरशाच्या पलीकडे कोण?

वागणं बघायचं ठरलं तर ते सगळ्यांनी एकसारखं बघायला हवं. १९८२मध्ये फ्रान्सिस कीफ आणि अँड्र्यू ब्लॉक यांनी त्यासाठी पद्धत बसवली. रुग्णाला सुमारे दहा मिनिटं बसायला, उभं राहायला, चालायला, आडवं व्हायला सांगायचं आणि त्याचं व्हिडिओ चित्रण करायचं. मग प्रशिक्षित निरीक्षक पाच गोष्टी मोजतात: जपून, अडखळत केलेली हालचाल, हाताचा टेका घेऊन ताठ राहणं, दुखऱ्या जागेवर हात फिरवणं, चेहरा आक्रसणं, आणि सुस्कारा. एवढंच. या पाच गोष्टी आपल्याकडच्या कुठल्याही आजीनं वेगळं प्रशिक्षण न घेता ओळखल्या असत्या, पण वेगवेगळ्या माणसांनी मोजूनही एकच आकडा यावा, हे त्यांनी साधलं.

त्याआधी, १९८०मध्ये, ब्लॉक यांनीच केलेला एक छोटा प्रयोग मला फार बोलका वाटतो. जुनाट दुखण्याच्या रुग्णांची मुलाखत घेतली. आरशाच्या पलीकडून तुमचा जोडीदार बघतोय असं मुलाखतीच्या एका भागात सांगितलं, आणि दुसऱ्या भागात वॉर्डातला कारकून बघतोय असं सांगितलं. ज्यांचा जोडीदार फार काळजी करणारा होता, त्यांनी जोडीदार बघतोय असं समजल्यावर दुखणं जास्त सांगितलं. ज्यांचा जोडीदार लक्ष न देणारा होता, त्यांनी त्याच्यासमोर कमी सांगितलं.

हे वाचून "म्हणजे नाटकच की!" असं वाटलं तर जरा थांबा. तुम्ही स्वतः ताप असताना आईशी फोनवर कसं बोलता आणि साहेबांशी कसं बोलता, ते आठवा. दोन्ही वेळी ताप तितकाच असतो. दुखणं सांगणं हा संवाद आहे आणि संवाद समोरचा माणूस बघून बदलतो. त्यामुळेच डॉक्टरांसमोर दहा मिनिटांत दिसलेलं वागणं हा पूर्ण पुरावा कधीच नसतो, ना दुखण्याचा, ना खोटेपणाचा.

ग्लासगोच्या पाच खुणा

आणि तरीही तेच घडलं. १९८०मध्ये ग्लासगोचे अस्थिशल्यचिकित्सक गॉर्डन वॉडेल यांनी सहकाऱ्यांसह कंबरदुखीच्या तपासणीतल्या पाच प्रकारच्या खुणा मांडल्या. उदाहरणार्थ, त्वचेला नुसता स्पर्श केला तरी खूप दुखणं. डोक्यावर हलका दाब दिला की कंबर दुखणं. आडवं असताना पाय उचलला तर दुखणं, पण बोलण्यात गुंतवून बसल्या बसल्या तोच पाय सरळ केला तर न दुखणं. यांचं स्पष्टीकरण केवळ मणक्याच्या इजेवरून देता येत नाही. एखादी खूण सुटी सापडली तर तिला महत्त्व देऊ नये. पाचपैकी तीन किंवा अधिक असतील तर या रुग्णाच्या मनावरचा ताण, भीती, परिस्थिती यांचीही नीट तपासणी करावी, निव्वळ शस्त्रक्रियेच्या मागे लागू नये, असा वॉडेल यांचा हेतू होता. म्हणजे अनावश्यक चाकूपासून रुग्णाला वाचवणारी ही चाचणी.

पण पाच खुणांची यादी पाठ करायला सोपी, आणि कोर्टात वापरायला तर त्याहून सोपी. विमा आणि भरपाईच्या प्रकरणांत 'वॉडेल पॉझिटिव्ह' म्हणजे 'ढोंगी' असा अर्थ लावला जाऊ लागला. शेवटी १९९८मध्ये ख्रिस मेन यांच्यासोबत वॉडेल यांना पुन्हा लेख लिहून सांगावं लागलं की या खुणा खोटेपणा ओळखण्यासाठी नाहीत. नंतर झालेल्या आढाव्यांतही या खुणा आणि ढोंग यांचा भरवशाचा संबंध सापडला नाही. घाबरलेला, वर्षभर दहा ठिकाणी फिरून थकलेला, "काही नाही तुम्हाला" हे ऐकून वैतागलेला माणूस आपलं दुखणं ठळक करून दाखवतो. ते वागणं म्हणजे मदतीची हाक असू शकते.

फोर्डाइस यांच्याही बाबतीत असंच काहीसं झालं. १९९५मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या गटानं कामगारांच्या कंबरदुखीवर अहवाल दिला. निश्चित कारण न सापडणाऱ्या कंबरदुखीला 'हालचाल न सोसणं' म्हणावं आणि त्यासाठीची भरपाई काही आठवड्यांपुरती मर्यादित ठेवावी, अशी त्याची दिशा होती. वेदनेच्याच क्षेत्रातल्या लोकांनी त्यावर कडाडून टीका केली. माझ्या मते ती रास्त होती. वागण्याचं विज्ञान उपचारासाठी उत्तम आहे, पण त्याच्या आधारावर पगार कापायला निघालं की ते पेजसाहेबांच्या रेल्वे कंपनीत जाऊन बसतं.

"कंबर धरली"

दरम्यान दुसऱ्या बाजूनं एक साधा विचार पुढे आला होता: बघण्याऐवजी विचारा, पण नीट विचारा. मॉन्ट्रियलच्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५मध्ये वेदनेच्या ७८ शब्दांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. रुग्णानं त्यातून आपल्या दुखण्याला लागू पडणारे शब्द निवडायचे. मराठीत अशी यादी करायला बसलं तर ठणका, कळ, सल, चमक, ठुसठुस, आग असं बरंच काही निघेल. पण गंमत बघा. कंबर-मान-खांद्यासाठी आपण जे शब्द जास्त वापरतो ते दुखण्याच्या चवीबद्दल नसतातच. कंबर धरली, मान आखडली, खांदा जखडला, पाठीत उसण भरली. हे सगळे हालचाल अडल्याचे शब्द आहेत.

इंग्लंडमधल्या ऑस्वेस्ट्री गावच्या हाडांच्या रुग्णालयात १९७६च्या सुमारास सुरू झालेली आणि १९८०मध्ये प्रसिद्ध झालेली प्रश्नावली नेमकं हेच विचारते. हे रुग्णालय ज्या अॅग्नेस हंट यांच्या कामातून उभं राहिलं त्या स्वतः लहानपणापासून खुब्याच्या आजारानं लंगडत असत, हे जाता जाता. प्रश्नावलीत दहा विभाग आहेत: दुखण्याची तीव्रता, स्वतःची आवराआवर, ओझं उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, लैंगिक जीवन, लोकांत मिसळणं आणि प्रवास. प्रत्येक विभागात सहा वाक्यं, त्यातलं आपल्याला लागू पडेल ते एक निवडायचं. १९८३मध्ये लंडनच्या रोलंड आणि मॉरिस यांनी २४ वाक्यांची आणखी सोपी यादी दिली. ऑस्वेस्ट्रीची मराठी आवृत्तीही तपासून घेतली गेली आहे. तिचा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला लैंगिक जीवनाचा प्रश्न आपल्याकडे बहुतेक जण कोरा सोडतात. सोडला तरी चालतो, गुण त्याप्रमाणे काढता येतात. पण त्या बाबतीत अडचण असेल तर सांगा, डॉक्टरांना ती नवीन नसते.

वाकायची भीती

१९९०मध्ये अमेरिकेत एक शब्द तयार झाला, 'किनेसिओफोबिया', म्हणजे हालचालीची भीती. आपण हललो तर पुन्हा इजा होईल, या समजुतीतून येणारी. ती मोजणारी १७ वाक्यांची टॅम्पा प्रश्नावली त्यापाठोपाठ आली. नेदरलँड्सच्या योहान व्लायेन यांनी या भीतीचं चक्र मांडलं: दुखलं, त्याचा भयंकर अर्थ लावला, म्हणून हालचाल टाळली, त्यानं अंग आणखी दुबळं झालं, मन खचलं, आणि थोडं जरी दुखलं तरी ते मोठं वाटू लागलं. उपचारासाठी रोजच्या कामांचे फोटो रुग्णाला दाखवतात आणि प्रत्येक काम पाठीला किती घातक वाटतं याचा शून्य ते शंभर आकडा विचारतात. मग सर्वात कमी भीतीच्या कामापासून सुरुवात करून, ते काम प्रत्यक्ष करत करत एकेक पायरी वर चढतात.

ही भीती केवळ मनात राहत नाही, ती स्नायूत दिसते. १९५०च्या दशकात लंडनच्या फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी पाठीच्या स्नायूंची विद्युत-नोंद घेतली. निरोगी माणूस पूर्ण वाकला की त्याचे पाठीचे स्नायू चक्क शांत होतात; भार अस्थिबंध आणि इतर ऊती पेलतात. कंबरदुखीच्या अनेक रुग्णांत हे स्नायू शांत होतच नाहीत, वाकल्यावरही ताणलेलेच राहतात. जपण्यासाठी घेतलेला हा ताणच दिवसभरात थकवतो. "माझं दुखणं मनातलं आहे की शरीरातलं?" हा प्रश्न तुम्ही विचारता तेव्हा मला सरळ उत्तर देता येत नाही, त्याचं एक कारण हे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भीती सोडून हला, हा सल्ला गंभीर कारणं वगळल्यानंतरचा आहे. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेच्या आतल्या भागात बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, ताप, विनाकारण वजन घटणं, पूर्वी झालेला कॅन्सर, मोठी पडझड यांपैकी काही असेल तर प्रश्नावल्या नंतर. आधी लगेच तपासून घ्या.

भिगवणची मांडी

१९९६मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानं चाललेल्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा तो भाग होता. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८ टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांना असा त्रास होता. तोवर उजनीच्या पक्ष्यांसाठी ओळखलं जाणारं भिगवण संधिवाताच्या अभ्यासकांना माहीत झालं.

अशा पाहणीत परदेशी प्रश्नावली जशीच्या तशी चालत नाही. टबमध्ये उतरता येतं का, असं भिगवणमध्ये कुणाला विचारणार? आपलं आयुष्य जमिनीवर चालतं. जेवायला मांडी, शौचाला उकिडवं, पूजेला पाट, भाजी निवडायला विळी. म्हणून भारतीय प्रश्नावल्यांत उकिडवं बसणं आणि मांडी घालणं हे प्रश्न घातले गेले. जयपूर फूट तयार करणाऱ्यांनी साठच्या दशकात हीच गोष्ट ओळखली होती: परदेशी कृत्रिम पायानं चालता येत होतं, पण उकिडवं बसता येत नव्हतं. गुडघ्याच्या रुग्णाला किती दुखतं यापेक्षा "लग्नाच्या पंगतीला जाणं बंद केलंय" हे वाक्य मला त्याच्या आजाराबद्दल जास्त सांगतं.

आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेनं २०२०मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा तिला काही टिपा जोडल्या. त्यातली एक म्हणते की माणूस दुखतंय असं सांगत असेल तर त्याचा मान राखला पाहिजे. दुसरी म्हणते की शब्दांत सांगणं हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक प्रकारांपैकी केवळ एक आहे. ज्याला बोलता येत नाही त्यालाही दुखतं. ऐकणं आणि बघणं दोन्ही त्यात आलं.

म्हणून पुढच्या वेळी येताना एमआरआयच्या फाइलसोबत एक कागद आणा. सलग किती मिनिटं बसता येतं, किती उभं राहता येतं, किती चालता येतं, हे घड्याळ लावून तीन-चार दिवस लिहा. अंदाजानं नको, कारण अंदाज आणि प्रत्यक्ष यांत बराच फरक पडतो. गेल्या सहा महिन्यांत कोणती कामं सोडली आणि ती दुखतात म्हणून सोडली की दुखेल या भीतीनं, हे वेगवेगळं लिहा. एखाद्या दिवशी जास्त काम उरकून दुसऱ्या दिवशी पडून राहावं लागलं असेल तर तेही. कुणी तुमची तपासणी विमा किंवा नोकरीच्या कागदांसाठी करत असेल तर तपासणीचा उद्देश सुरुवातीलाच विचारा, तो तुमचा अधिकार आहे. आणि घरातल्या ज्या माणसाला तुमचं उठणं-बसणं रोज दिसतं त्याला सोबत घेऊन या. फक्त तुमचं सांगून होईपर्यंत त्यानं मध्ये बोलायचं नाही, हे आधी कबूल करून घ्या.